बापूचा सूर

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. या सदरातल्या हडळी आणि उलट्या पायांच्या पाहुण्या वाचून मी कचेरीत चहा पिता पिता पोटभर हसलो आहे. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली... हसा खुशाल. गेल्या वर्षभराच्या पळापळीनंतर वाद घालण्याइतकं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

गाव हिंगोली. आमचं हायस्कूल स्टेशनच्या अंगाला आणि त्याच्या कुंपणाला लागून कापसाचं जिन. शिकवणं सगळं उर्दूतून, पण गायनमास्तर मराठी. त्यांनी आम्हा पाच-सहा पोरांची एक गाणारी मंडळी जमवली होती. पेटी नव्हती. मागितली की हेडमास्तर म्हणायचे, आधी बाकं येऊ द्या. मग मास्तरांनी युक्ती काढली — दुपारी जिनचा भोंगा होतो ना, तोच आपला सा! भोंगा थांबायच्या आत बापूनं तो सूर पकडायचा आणि धरून बसायचं. बाकीच्यांनी त्यावर गायचं.

बापूला गाणं येत नव्हतं. देवानं त्याच्या गळ्यात दुसरा सूर घातलाच नव्हता. पण तो एक सूर मात्र... डोळे मिटून, मांडी घालून खाली खर्जात धरला की हलायचं नाव नाही. दुसऱ्या कडव्याला आम्ही हटकून वर चढायचो, आणि बापूच्या आवाजानं कान धरल्यागत खाली यायचो. गाणं संपलेलं त्याला कळायचंच नाही. खांद्यावर हात ठेवून "बस, बापू" म्हणावं लागायचं. मग दचकून विचारायचा, "झालं व्हय?" आम्ही हसून लोळायचो. रविवारी त्याच्या ओसरीवर तालीम असायची, तेव्हा त्याला थांबवायचं काम त्याच्या आईचं, गंगाकाकूंचं. त्या दिवसांइतका सुखी मी पुन्हा झालो नाही.

मॅट्रिकनंतर मंडळी पांगली. पुढं रझाकारांचे दिवस आले. ते उगाळत बसत नाही. आम्ही घरदार टाकून पैनगंगेपलीकडे वाशीमच्या कॅम्पात गेलो. बापू आणि काकूही तिथंच होते. मागं राहिलेली गाय बघून येतो म्हणून बापू एकदा नदी उतरून अलीकडे गेला. तो परत आलाच नाही.

यंदा निझामी संपली आणि आम्ही गावी आलो. एका वाटसरूनं सांगितलं, असा असा पोरगा रस्त्यात तापानं गेला, मी पाहिला. वर्णन जुळत होतं. बापूचे चुलते म्हणाले, दर्भाचा पुतळा करून दहन करू, दिवस घालू. काकू ऐकेनात. मला बोलावून घेतलं.

"गोविंदा, ह्ये लोक माझ्या जित्या लेकराला जाळाया निघाले. काय करू रं मी?"

मग त्याच म्हणाल्या, "तुमचं साळंतलं गाणं म्हणा एकदा हितं. मग बघते."

काकूंना ऐकू येत नाही. कॅम्पातल्या आजारपणात दोन्ही कान गेले. तरी गाणं हवं होतं. आमच्या गाणाऱ्या मंडळीतला युसूफ तेवढा गावात उरला होता, त्याला घेऊन गेलो. तो पायरीशीच थांबला. हातानंच खूण केली, आत येऊ का?

"काहून इचारून राहिला?" काकू म्हणाल्या. "आज नवा आलास व्हय?"

भर दुपार. ओसरीवर ऊन. जिन वर्षभर बंद, त्यामुळे भोंगा नाही. युसूफनं अंदाजानं सुरुवात केली, ती फसली. पुन्हा धरलं. दुसऱ्या कडव्याला सवयीप्रमाणे चढायला लागलो... आणि खाली आलो. आपोआप. मी युसूफकडं पाहिलं, तो माझ्याकडं बघत होता. कोपऱ्यातल्या खांबापाशी, जिथं बापू बसायचा तिथून, तो सूर येत होता.

थांबायची भीती वाटली म्हणून गात राहिलो. शेवटी गाणं संपलं. आम्ही तोंडं मिटली... सूर चालूच!

काय म्हणायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. युसूफचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. माझीही जीभ उचलेना. तो शब्द आम्ही उच्चारला असता, तर मागं काय राहिलं असतं?

काकू उठल्या. खांबापाशी जाऊन वाकल्या, आणि बसलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा हात रिकाम्या जागी ठेवला.

"बस, बापू," म्हणाल्या. "झालं रं."

सूर थांबला. संध्याकाळी त्यांनी चुलत्यांना निरोप धाडला, पुतळा करा.

भुंगा असेल, जिनच्या धुराड्यात वारा घुमला असेल, दोन थकलेल्या माणसांना भास झाला असेल... सगळं मनाला सांगून पाहिलं. एकही पटलं नाही. आणि ठार बहिऱ्या बाईला सूर संपत नाही हे कसं कळलं? दिवस झाल्यावर न राहवून मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "काकू, तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

"न्हाई रं," त्या म्हणाल्या. "मला कुठलं ऐकू येतं? तुमी तोंडं मिटली आन् तिकडंच बघत बसले, म्हणून हात लावाया गेले. तर अंग तापलं व्हतं त्याचं. किती येळ बसवून ठेवावं लेकराला?"