आजगावकरांची मरोळ-पाहणी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत विद्याधर आजगावकरांनी खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचा मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय घेतलं नव्हतं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ते खरेदी विभागाचे हेडक्लार्क होते. माझं टेबल त्यांच्या शेजारी, म्हणून हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं.

चौऱ्याऐंशी साली आमचे सबनीससाहेब नव्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी तीन आठवडे जर्मनीला जाऊन आले. यंत्राबद्दल ते पुढे फारसं बोलले नाहीत. बोलले ते तिथल्या बिअरबद्दल. तिथे म्हणे गल्लोगल्ली लोक आपापली बिअर गाळतात, जाणकार माणसं दारोदार जाऊन चाखतात, आणि चाखतात म्हणजे पीत नाहीत! पेला गोल फिरवायचा, वास घ्यायचा, घोट जिभेवर खेळवायचा आणि थुंकायचा. साहेबांनी कँटीनच्या कटिंगवर हे करून दाखवलं. चहा कपापेक्षा टायवर जास्त सांडला, पण आजगावकर भारावून गेले. वरिष्ठांनी काहीही सांडलं की भारावून जायची त्यांना सवयच होती.

"साहेब, आपल्याकडेही आहे असं," ते बोलून गेले. आता बोललं म्हणजे शोधणं आलं.

कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर मरोळ गावठाण. तिथल्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळसाठी, लग्नकार्यासाठी वाइन घरीच मुरवायची पद्धत. कुणाची जांभळाची, कुणाची आल्याची, कुणाची काळ्या मनुकांची. आजगावकर दर रविवारी दुपारी घाटकोपरहून बस पकडून तिथे जाऊ लागले. घरी बायकोला, कुंदावहिनींना, सांगायचे, "औद्योगिक पाहणी आहे." हातात वही. सोमवारी ती वही मला ऐकावी लागे. "बॉडी उत्तम. शेवट लांबतो. मागून ओल्या लाकडाची आठवण येते." आजगावकरांनी आयुष्यात ओलं लाकूड कधी तोंडात घातलं होतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर यायचं. मी ते चहाबरोबर गिळत असे.

त्यांचा मुक्काम मुख्यतः फिलोमिना आंटीच्या ओट्यावर असे. आंटी साठीची, लुगडं नेसणारी, जाडजूड बाई. तिच्या ओट्यावर थुंकायचं कसं, म्हणून सभ्य आजगावकर घोट हळूच रुमालात सोडत.

तो रुमाल कुंदावहिनींना सापडला. लालजांभळे डाग पाहून त्यांनी एकच अर्थ काढला. नवरा रक्त ओकतो आणि सांगत नाही! पुढचा रुमाल पाहिला, त्यावरही डाग. चार दिवस त्यांनी नवऱ्याला दूध-अंडं दिलं, रात्री पाठीवरून हात फिरवला. आजगावकरांना वाटलं, संसारात बहर आला. रविवारी ते पाहणीला निघाले, तशा वहिनीही मागच्या बसने निघाल्या. कोणत्या डॉक्टरकडे जातात ते तरी कळू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गावठाणात विचारत विचारत त्या पोचल्या, तर नवरा एका ओट्यावर पेल्यात नाक खुपसून बसलेला.

"अहो! हे काय?"

आजगावकरांनी घाबरून तोंडातला घोट गिळला. बहुधा पहिल्यांदाच.

"अगं... अभ्यास."

"आणि रुमालातलं रक्त?"

आंटीला सगळा उलगडा झाला आणि ती गदगदून हसली. "रगत नाय गो बाय, जांभळं हायत ती! ये, बस. तूपण चाख."

वहिनींचे डोळे भरून आले होते, रागाने की सुटकेने कोण जाणे. त्या भरात त्यांनी पेला घेतला. फिरवला नाही, हुंगला नाही. एक घोट घेतला नि सरळ गिळला. मग पेला खाली ठेवला.

"जांभळं धुतलीत, पण कोरडी नाही केलीत," त्या म्हणाल्या. "पाणी राहिलंय. आणि या बरणीत आधी लिंबाचं लोणचं होतं ना?"

आंटीचं हसू थांबलं. ती उठून आत गेली आणि कोनाड्यातली दुसरी बरणी घेऊन आली. "ही चाख. ही कोणाला दावत नाय मी."

"मला नाही दाखवलीत कधी," आजगावकर म्हणाले.

"तुला काय करायची? चार महिने एकाच बरणीतला चार गिलासांत देतंय. तू चार नावं लिवतंस!"

वहिनी आता हसल्या, पण नवऱ्याकडे न बघता.

सबनीससाहेबांच्या कानावर मरोळ गेलंच होतं. पुढच्या महिन्यात ते जातीने आले; त्या रविवारी वहिनीही आजगावकरांबरोबर ओट्यावर होत्या. आंटीने तीन पेले ठेवले. साहेबांनी तिन्ही फिरवले, तिन्ही हुंगले, अंगणात तुळशीसारख्या उभ्या असलेल्या क्रॉसकडे पाठ करून तीनदा थुंकले. "दुसरा," ते म्हणाले. "किमान पाच वर्षं मुरलेला. काय बॉडी आहे!"

दुसऱ्या पेल्यात आंटीच्या अशक्त सुनेसाठी सकाळी उकळलेलं बिटाचं पाणी होतं. आत गडबडीत पेला बदलला होता की आंटीने मुद्दाम ठेवला होता, ते पुढे आजगावकरांकडून सगळं ऐकूनही मी ठरवू शकलो नाही. वहिनींनी ओट्यावर बसल्या बसल्या तो वासावरून ओळखला आणि नवऱ्याच्या कानात सांगितलंही.

"अगदी बरोबर, साहेब," आजगावकर म्हणाले. "पाच काय, सहा वर्षं."

"अहो, बीट आहे ते," वहिनी मोठ्याने म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा त्याच पेल्याच्या रंगाचा झाला. पंधरा दिवसांत आजगावकरांची बदली मालाडच्या गोदामात झाली. 'अनुभवी माणसाची तिथे गरज आहे' असं पत्रात लिहिलं होतं. गोदामात खिळे आणि वॉशर होते.

आजगावकर महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. वहिनींना ते जाणवायलाही वेळ नव्हता. गावठाणातल्या चार घरांतून निरोप येऊ लागले होते : बाईला पाठवा, बरणी उघडायची आहे. मग कुणी सांगायचं, मुलीचं लग्न आहे, लवंग जास्त झाली का तेवढं बघा. वहिनी शनिवारीच सगळा स्वयंपाक आटपून ठेवत. पुढे आजगावकरही निमूटपणे पिशवी धरून बरोबर जायला लागले, कारण रविवारी घरात एकटं बसून करायचं काय?

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. आंटीने तळलेल्या माशाच्या ताटल्या मांडल्या आणि नवी आल्याची वाइन काढली. वहिनींनी घोट घेतला आणि पेला नवऱ्यापुढे केला.

"सांगा, कशी लागते?"

आजगावकरांनी घोट घेतला, गिळला, बराच वेळ विचार केला. मी ओल्या लाकडाची वाट पाहत होतो.

"तिखट," ते म्हणाले. "घशाला झोंबते."

"आलं जून होतं," वहिनी आंटीला म्हणाल्या. "यांनाही कळलं बघा."

आजगावकर लाजले. आंटीने त्यांच्या ताटलीत माशाची आणखी एक तुकडी वाढली, आणि ते खाली मान घालून काटे काढू लागले.