जाळेमामांचा उजवा हात

निखळलेला खांदा जाळेमामा स्वतःच बसवत. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फेकजाळे डोक्यावरून फिरवले, की कधीकधी उजवा हात खांद्यातून सुटायचा. मग ते काठावर येत, बाभळीची खाली झुकलेली फांदी त्याच हाताने पकडत आणि अंगाचा भार सावकाश मागे सोडत. टक् असा आवाज झाला की पुन्हा पाण्यात. "बैल दावं सोडून जाते, तसाच हा. आनून बांधाचा, झालं," म्हणत.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या त्या गावात मी उपकेंद्रात नर्स होते. तलावाच्या काठी मासे धरणाऱ्या ढिवरांची वीसेक घरे, त्यांत मामांचे एक. १९९९ साली डोंग्यातून तलावात पडले तेव्हा खांदा पहिल्यांदा निखळला. आधी वर्षातून एकदा, मग महिन्यातून. दहा वर्षांनी झोपेत कूस बदलतानाही निघू लागला. तेव्हा कुठे ते माझ्याकडे आले.

माझे काम याद्यांवर चालायचे. कोणाची लस राहिली, कोणाच्या गोळ्या संपल्या, सगळे कागदावर. मामांना त्याची गंमत वाटे. "सिस्टर, तुमच्या कागदात माहं नाव कोठी लिवान? मी ना गर्भार, ना लेकरू."

मी त्यांना नागपूरला नेले. डॉक्टरांनी समजावले, की खांद्याला धरून ठेवणारे अस्थिबंध फाटले आहेत, ते दुर्बिणीतून पुन्हा हाडाला शिवायचे. कापाकापी नाही, तीन बारीक भोके. मामा म्हणाले, "याहून मोठी भोकं माह्या जाळ्याले आहेत. त्यातून मासा सुटत नाही, त हा खांदा कसा सुटन?" डॉक्टर मनापासून हसले. त्यांचे काम चोख झाले. टाके काढतानाच त्यांनी सांगितले, सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात ठेवा, मग दाखवायला या, व्यायाम सुरू करू.

गावात परतल्यावर मी अकरा सूचनांची यादी केली. मामा-मामींना वाचता येत नव्हते, म्हणून मोठ्याने वाचून दाखवली. सातवी सूचना अशी होती: सिस्टरने सांगितल्याशिवाय पट्टा काढायचा नाही. ती मी मुद्दाम घातली. हा माणूस आठ दिवसांत जाळे उचलेल, अशी मला धास्ती होती. मामांनी ती दोनदा म्हणून पाठ केली.

चौथ्या आठवड्यात माझी बदली झाली, आमगावकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन दिवसांत कार्यभार सोपवायचा होता. मी चार पानांची यादी केली. फ्रिज, लसी, गरोदर बाया, क्षयाचे रोगी. एक सुईसुद्धा राहिली नाही. मामा कोणत्याच रजिस्टरमध्ये नव्हते. ते राहिले.

पाच महिन्यांनी एका राहिलेल्या सहीसाठी त्या गावी गेले. मामा तलावाच्या पाळीवर बसलेले दिसले. पट्टा गळ्यात होता, उन्हापावसाने पांढरा पडलेला.

"आल्या का, सिस्टर? काढू का आता?"

"काऊन नाही काढला, मामा?" मी विचारले.

उत्तर शेजारी बसलेल्या मामीने दिले. "मी सांगू सांगू थकली. म्हनत, सिस्टर येईन, सिस्टर सांगन. नव्या बाईकडे गेलो, त ते म्हने, आपरेशनच्या हाताले मी हात लावत नाही. नागपूरले जावा म्हटलं, त हे म्हनत, सिस्टरबिगर कोनाले भेटाचं?"

मी पट्टा सोडला. हात पोटाशीच राहिला. मी धरून उचलायला गेले तर कोपर जेमतेम छातीपर्यंत आले आणि मामांनी ओठ चावला.

त्याच आठवड्यात नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी हात हलवून पाहिला. म्हणाले, खांदा आखडला आहे, आता व्यायामाने जेवढे होईल तेवढे; नाहीतर पुन्हा ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही. मामा म्हणाले, "बसला ना जागेवर? मंग राहू द्या."

सुटीच्या दिवशी मी दोन बस बदलून त्यांच्याकडे जात असे. भिंतीवर बोटे चालवत हात वर न्यायचा, पोचेल तिथे खडूची रेघ मारायची. पहिल्या महिन्यात रेघ चार बोटे वर गेली. नंतरचे सहा महिने तिथेच. जाळे फेकायला हात डोक्यावर जावा लागतो. एके दिवशी मामा म्हणाले, "तुमी येता म्हनून करून राहिलो, सिस्टर. तुमी तरी कायले एवढी दगदग करता?" त्यानंतर मी जाणे बंद केले.

जाळे त्यांनी पुतण्याला देऊन टाकले. मामी बाजारात दुसऱ्यांनी पकडलेले मासे विकू लागली. मी एकदा म्हटले, "मामा, चूक माझी होती." ते म्हणाले, "तुमी कामात होत्या," आणि मामीला चहा ठेवायला सांगितला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

मामा गेल्याचे मला महिन्याने कळले. भेटायला गेले तेव्हा मामी म्हणाली, "कोनीबी विचारलं का तुमचंच नाव घेत. म्हनत, सिस्टरनं बरा केला खांदा, मंग एकडावबी निघाला नाही."