बिराने शेवट सांगितला

गेल्या रविवारी जतकडे गेलो होतो, बिराला भेटायला... तब्बल सहा महिन्यांनी. आधी जायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने जायचं हेच ठरत नव्हतं.

बिरा, वैशाली आणि मी सांगलीत एकाच कॉलेजात होतो. मी कडेगावचा, ऊसवाल्या घरातला. वैशाली औंधची, आता शाळेत चित्रकला शिकवते. बिरा जत तालुक्यातला, घरी मेंढरं... आजही तोच राखतो.

आम्हाला जोडलं ते भीतीच्या सिनेमांनी. पिक्चर सुटला की भडंगाची पुडी घेऊन कृष्णेच्या घाटावर बसायचं आणि पिक्चरची चिरफाड करायची. बिराचा निकष एकच. "भूत दिसलं की भ्या संपलं गड्या. ह्यानं तर अर्ध्यातच दावलं. फुडं मी नुस्तं भडंग खाल्लं."

दोन वर्षांपूर्वी त्यानेच टूम काढली की आपणच एक सिरीज करू. गोष्ट त्याच्याकडे तयार होती. माळावर बोअर मारतात, नऊशे फुटांवरही पाणी लागत नाही. पण खाली काहीतरी असतं... फार पूर्वी आभाळातून पडलेलं, गाडलं गेलेलं. त्याला स्वतःचा आवाज नाही. वर कुणी बोललं की ते ऐकून ठेवतं, आणि काही दिवसांनी त्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं.

आमची कामाची पद्धत अशी की बिरा मेंढरांमागे फिरता फिरता व्हॉइस नोट पाठवायचा, मी टाइप करायचो, वैशाली चित्रं काढायची. एका सीनमध्ये हाक येण्याआधी सगळी मेंढरं एकदम गप होतात. तो सांगताना बिरा मध्येच थांबला होता... आणि भरदुपारी ऑफिसात माझ्या अंगावर काटा आला.

शेवट मात्र तो सांगत नव्हता. ही त्याच्या वडिलांची रीत. मेंढरं घेऊन कुठे मुक्काम पडला की ते रोज थोडी थोडी गोष्ट सांगत, आणि शेवट फक्त मुक्काम हलवायच्या दिवशी. शेवट झाला की ती गोष्ट तिथेच सोडायची, पुढे न्यायची नाही. मी खोदून विचारलं की बिरा म्हणायचा, "काम चालू हाय तवर शेवट न्हाई."

मग मुंबईच्या एका कंपनीला आमची फाइल आवडली. व्हिडिओ कॉलवर गोष्ट तोंडी सांगा म्हणाले.

इथे मी माती खाल्ली. बिराला सांगितलं की ते अजून फाइलच वाचतायत. वैशालीला सांगितलं की बिराला निरोप दिलाय. आणि कॉलवर इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी पुस्तकी मराठीत, गोष्ट मीच सांगितली.

समोरच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ते बोअरमधून बाहेर येतं का? मला कुठे माहीत होतं! घाबरून मी जागच्या जागी शेवट रचला. जमीन फाटते, अक्राळविक्राळ प्राणी बाहेर येतो, हेलिकॉप्टरमधून मिलिटरी उतरते... आमच्या भावकीत निम्मे फौजेत, त्यामुळे मला दुसरं सुचणार तरी काय. बाई म्हणाल्या, असं खूप बघून झालंय. मग कॉल संपता संपता त्यांनी विचारलं, "ते मेंढरं गप होतात, तो सीन कुणी लिहिला? तो फार सुंदर आहे."

मी म्हणालो, आम्ही मिळून.

त्याच संध्याकाळी वैशालीने बिराला फोन केला, कॉलला का आला नाहीस म्हणून. त्या दिवसापासून बिराच्या व्हॉइस नोट बंद झाल्या.

तर रविवारी तो बाभळीखाली बसला होता, मेंढरं समोर. वहिनींनी चहा पाठवला. अर्धा तास आम्ही नव्या पिक्चरवरच बोललो, जणू काही झालंच नव्हतं. मग त्यानेच विचारलं, "मला का न्हाई बोलावलंस रं?"

मी रेंजचं कारण सांगितलं, घाईचं सांगितलं. तो नुसता थांबला. त्याचं ते थांबणं मला व्हॉइस नोटमधून चांगलं माहीत होतं... समोरून सोसवलं नाही. म्हणालो, "तुझ्या बोलण्याची लाज वाटली मला."

"व्हय. वाटलंच मला." आणि मग हसला. "माझा आवाज घेतलास अन् मलाच भाईर ठिवलंस. तू तर त्या बोअरमधल्याचा पाव्हणा निघालास की गड्या!"

मला हसता आलं नाही. माफी मागितली. म्हणालो, परत सुरू करू, वैशालीही तयार आहे, या वेळी तूच सांगायचं. त्याने चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि म्हणाला, "ऐक. शेवट सांगतो."

मला केवढा आनंद झाला! पाच-सात मिनिटांत त्याने शेवट सांगितला. त्यात ते कुठेच दिसत नाही. आधी भीती वाटली आणि मग चक्क डोळे भरून आले. याला म्हणतात शेवट, असं म्हणत मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खुशीत गाडीला किक मारली.

कवठेमहांकाळच्या अलीकडे डोक्यात उजेड पडला... बिराच्या घरात शेवट कधी सांगतात ते. गाडी कडेला घेतली.

तो शेवट मी इथे लिहिणार नाही. तो त्याचा आहे, आणि त्याच्या वाटचं एकदा बोललो तेवढं पुरे झालं.

फक्त त्या बाईंना जे सांगायला हवं होतं, ते इथे सगळ्यांसमोर सांगतो. मेंढरं गप होतात तो सीन बिराने लिहिला होता... सगळंच बिराने लिहिलं होतं. मी फक्त टाइप केलं.