राईतला न पडलेला कळा

आनंदीबाईंचं परसू आणि भागोजीच्या घरापुढचं खळं यांच्यामध्ये चिऱ्यांचा एकच गडगा, तोही कमरेइतका. त्यामुळे भागोजीच्या घरातलं भांडण ऐकायला मुद्दाम कान लावावा लागत नसे. तीस वर्षांपूर्वीचं एक भांडण तर आनंदीबाई अजून घोळवून सांगतात.

"अवो, राईत एवढी लाकडं वाळून पडलीत. येताना चार काटक्या आणता नाय येत?" भागोजीची बायको सखू चुलीपुढून ओरडत होती.

"ती राखणदाराची. राईतलं काय भायेर न्यायचं नाय."

"मग राखणदाराला सांगा भात शिजवायला!"

भागोजीने खराटा कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाला, "सांगितलं असतं गो. पण तुझ्यासारखा पातळ भात त्याला जमायचा नाय."

पुढे तांब्या आपटल्याचा आवाज आला आणि इकडे आनंदीबाईंनी पदर तोंडात कोंबला.

राई म्हणजे या दोन घरांसमोरची, रत्नागिरीतून मिरजोळ्याकडे जाताना लागणारी, देवाच्या नावाने राखलेली झाडी. आत एक पाषाण, तोच राखणदार. भागोजीने जन्मभर तिची सेवा केली. पहाटे खराट्याने मातीची वाट झाडायची. संध्याकाळी शेवटचं माणूस बाहेर पडलं की पाषाणाला वर्दी द्यायची, "सगळी गेली रे म्हाराजा, आता राई तुझी." मग बेड्याचे, म्हणजे राईच्या फाटकाचे, आडवे बांबू सरकवून घरी.

शहर वाढत वाढत राईला येऊन टेकलं आणि डॉक्टरांनी दटावलेली माणसं तिथे फिरायला येऊ लागली. चपला बेड्याशी काढायच्या, हा जुना नेम. शिवाय आत जाण्याआधी भागोजी प्रत्येकाच्या नावाने गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा, ह्या सायबांची साखर वाढलीय. पण जिलबी सुटत नाय. तूच काय ता बघ!" बाकीचे मोठ्याने म्हणायचे, "होय म्हाराजा!" साहेब खाली मान घालून चालू लागायचे.

या मंडळींची पुढारी दर्शना. बँकेत मोठ्या जागेवर, बोलण्यात चटपटीत. एक दिवस किंजळीच्या झाडाच्या मुळाला तिचा अंगठा ठेचकाळला आणि तिने ठरवलं, वाटेवर सिमेंटचे ब्लॉक बसवायचे. आठवड्याभरात ब्लॉकांचा टेम्पो बेड्याशी रिकामाही झाला. ब्लॉक सपाट बसायचे तर वाटेवरची मुळं तोडणं आलं. मुळं गेली की किंजळ गेली, हे भागोजीला कुणी सांगायला नको होतं.

"वैनी, दोन दिस भाताला हात लावला नाय ह्यांनी," सखू गडग्यावरून कुजबुजली. "आणि पातळपण नव्हता हो!"

एकच आडकाठी होती. राखणदाराचा कौल पडल्याशिवाय राईत कुदळ मारायची नाही. पाषाणाला पाण्याने फुलांचे दोन कळे चिकटवायचे. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नको. दर्शना लगेच तयार झाली. "घ्या की कौल, काका. पण कळे मी लावणार. तुमचा भरवसा नाही!"

तिने तगरीचे कळे लावले. दोन्ही एकदमच गळून पडले. पुन्हा लावले, तेच. आता गाऱ्हाणं संपेपर्यंत तरी टिकायला हवेत ना! सगळ्यांनी डोळे मिटले होते. कौल बघायला आलेल्या आनंदीबाईंचे तेवढे उघडे, कारण या वयात डोळे मिटले की डुलकी लागते. देवापुढे कुणीतरी आणून ठेवलेला ताजा फणस होता. दर्शनाने त्याच्या देठावरच्या चिकाला बोट लावलं आणि त्याच बोटाने कळे दाबून बसवले.

गाऱ्हाणं संपलं. "होय म्हाराजा!" झालं. सगळे बघत उभे. तास गेला. बँकेची वेळ झाली. कळे जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत, तिसऱ्याही नाहीत. दर्शना बोटाला खोबरेल चोळत यायची, बघायची आणि तशीच परत जायची. चीक लावला म्हणून सांगणार कुणाला?

चौथ्या दिवशी आनंदीबाईंनी भागोजीला गडग्याशी गाठलं. "काय हो भावजी, ते कळे पडतील असं वाटतं तुम्हाला?"

"मी काय सांगू, वैनी? त्या वेळी माझे डोळे मिटलेले."

"आणि आता?"

"आता उघडे हायत. पण जे मी लावले नाय, ते मी काढायचे कसे?" भागोजी म्हणाला आणि घरात जाऊन त्याने सखूकडून दोनदा भात वाढून घेतला.

पावसाळ्यात ब्लॉकांवर शेवाळ धरलं आणि दुकानदार ते परत घेऊन गेला. दर्शना मुळावरून पाय उचलून टाकायला शिकली. आता नव्या माणसाला तीच बजावते, "बघून चाला, किंजळीचं मूळ आहे."

गेल्या मार्गशीर्षात भागोजी झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी आनंदीबाई परसवात वाल निवडत बसल्या होत्या. समोर बेड्यातून पाषाण दिसायचा. भागोजी वाकून चिकात काळे पडलेले दोन कळे बघत होता.

"घाई नाय म्हाराजा, सावकाश ठरव," तो म्हणाला. "सगळी गेली. आता राई तुझी."

मग बांबू सरकवून तो हात हलवत खळ्यात आला.

"काटक्या?" सखूने आतून विचारलं.

"नाय आणल्या," भागोजी म्हणाला आणि पाय धुवायला गेला.