बूट खाली, माणूस वर

माघातला शनिवार, सकाळ. ठिकाण: राजुरीची शाळा, आवारातल्या जुन्या चिंचेखाली. हजर: मुख्याध्यापिका, आमचे शेठ, दोर धरणारे दोघं, मी आणि मामा. मामा अजून झाडाकडे पाहत नव्हते. चपला काढून त्या नीट जुळवत होते, टाचा खोडाकडे, अंगठे बाहेर. उतरलं की पाय थेट चपलेत आणि तोंड घराकडे.

"आधी उतरायचं ठरवायचं ताई, मग चढायचं," ते मला म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की ते काही बोलायच्या आतच मी मान हलवली.

मी आळेफाट्याला झाडं छाटण्याची कामं घेणाऱ्या आमच्या शेठचं ऑफिस सांभाळते. कोणाकडे कधी जायचं, कोणता दोर बदलायला झालाय, जेवण कोण आणणार, हे सगळं माझ्याकडे. मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, आमच्याकडे आले ते मढच्या बाजूने. तिकडे लहानपणापासून हिरड्याच्या झाडांवर चढून हिरडा उतरवायचा, हीच त्यांची शाळा. सातवीनंतर दुसरी शाळा त्यांनी पाहिली नव्हती. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जमिनीवर जरा अवघडून चालतात आणि फांदीवर गेली की घरच्यासारखी होतात.

मग नियम आला. रस्त्याकडेची आणि शाळांची कामं हवी असतील, तर झाडावर चढणाऱ्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पाहिजे. शेठनी ते सांगितलं तेव्हा मामा दोर गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले.

"म्हंजी मी काय खाली राहून पाला गोळा करायचा?"

"तसं नाही मामा. घोडेगावला वर्ग आहे. तुम्ही करून टाका."

"या वयात?"

"या वयात म्हणूनच," शेठ म्हणाले. "तुमचं वय झालं, तर आमच्याकडे चढणारं कोण आहे?"

मामा गेले. पहिल्या आठवड्यात परत आले ते माझ्या टेबलासमोर बसून हसत. "बाकावर बसवून झाड शिकवत्यात राव. झाड खिडकीबाहेर, आमी आत."

शिकवणाऱ्या मॅडम फळबागशास्त्र शिकलेल्या, वयाने मामांच्या मुलीएवढ्या. त्यांचा आणि मामांचा वाद पेटला तो फांदी कुठे कापायची यावर. मामांचं म्हणणं, फांदी खोडाला चाटून कापावी, अंगावर ठसा राहता कामा नये. मॅडमचं म्हणणं, फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो तो सोडून कापावी, झाड तिथूनच जखम भरतं.

"मॅडम, मी कापल्याली झाडं उभी हायेत," मामा म्हणाले.

"मग दाखवा मला," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी दाखवली. एका रविवारी शेठच्या पिकअपमधून आम्ही तिघं आंबेगाव तालुक्यातल्या एका देवळामागच्या आंब्याकडे गेलो. तो आंबा मामांनी काही वर्षांपूर्वी छाटला होता, आणि त्याचं त्यांना फार कौतुक होतं. साफ कापलेल्या जागेला त्यांनी हात लावला, तर हात कोपरापर्यंत आत गेला. आत भुसा.

त्याच आंब्यावर शेजारी एक फांदी होती. ती मामांच्या जुन्या जोडीदाराने कापली होती, बुडाशी थोडी सोडून. तिथे सालीचं गोल कडं पूर्ण मिटलं होतं.

मामांनी त्या मिटलेल्या कड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आळशी म्हणून त्याला मी लई शिव्या घातल्या. जेवायची घाई व्हती म्हणून सोडलं व्हतं त्यानं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "वर अजून काही आहे का? मला खालून दिसत नाही."

"चला की वर."

त्या चढल्या, निम्म्यावर थांबल्या आणि फांदीला घट्ट धरून बसल्या. खालून मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. मामा त्यांच्या वरच्या फांदीवरून शांतपणे सांगत होते, "खाली बघू नका. पाय कुठं ठेवायचा ते बघा. आधी उतरायचं ठरवा." बऱ्याच वेळाने त्या उतरल्या. पुढल्या रविवारी पुन्हा आल्या आणि शेंड्याजवळ गेल्या.

त्यानंतर मामा घोडेगावला वेळेच्या आधी जाऊ लागले. मॅडम सांगतील ते मामांनी झाडावर करून पाहायचं, आणि मामा करतील ते मॅडमनी तपासायचं, असं काहीतरी त्या दोघांत ठरलं असावं.

तरी परीक्षेत ते पहिल्यांदा नापास झाले. तोंडी सगळं बरोबर. प्रात्यक्षिकाला परीक्षक बाहेरचे होते. हेल्मेट, पट्टा, दोर, सगळं घालून मामा झाडाखाली गेले. सवयीने बूट काढले, टाचा खोडाकडे, अंगठे बाहेर करून जुळवले आणि अनवाणी वर गेले. परीक्षकांनी लिहिलं, पायात बूट नाहीत.

"बूट खाली, माणूस वर," आमच्या दोरवाल्यांनी महिनाभर चिडवलं. मामाही हसायचे, पण त्या महिन्यात त्यांनी एकही झाड छाटलं नाही. खरोखरच खाली राहून पाला गोळा केला. दुसऱ्या खेपेला ते बूट घालून चढले आणि पास झाले.

राजुरीची चिंच हे त्यानंतरचं पहिलं काम. चपला त्यांनी काढल्या त्या बूट चढवण्यासाठी. वर्गाच्या पत्र्यावर एक जड फांदी आली होती. मुख्याध्यापिकांना ती एकदाच बुडापासून काढून हवी होती.

"एका दमात काढली तर झाडाला जखम मोठी व्हईल, बाई," मामा म्हणाले. "यंदा टोकाचं वजन उतरवतो, पत्र्याला भ्या न्हाई. एक वाळकी फांदी बी काढतो. राहिलेली पुढल्या माघात."

संध्याकाळी ते उतरले, बूट काढले आणि पाय थेट चपलेत.

पावसाळ्याआधी घोडेगावच्या वर्गाने त्यांना बोलावलं, शिकवायला. आता बाकावरचा अर्धा वेळ मॅडमचा आणि झाडावरचा अर्धा मामांचा. आमच्याकडे त्यांची जागा रिकामी आहे. दोर गुंडाळायची त्यांची पद्धत तेवढी मागे राहिली आहे.

परवा फोन केला. "माघ आलाय मामा. राजुरीची चिंच."

"माज्या गुडघ्यानं आता नगं म्हटलंय. तुमचे दोगं पाठवा हिकडं शिकायला. बूट मी घालायला लावीन."

दोघं गेले आहेत. वर्ग फाल्गुनात संपेल. काल मी शाळेत जाऊन आले. वाळकी फांदी काढलेल्या जागी सालीचं कडं चारी बाजूंनी आत सरकलंय, मध्ये नाण्याएवढी जागा उघडी आहे. पत्र्यावरची फांदी मात्र गेल्या माघात सोडली तशीच आहे. शेवटचा काप बाकी.