बांधाचे दगड आणि घराचा नवस

मंडळी, आमचं गाव बीड जिल्ह्याच्या अगदी शिवेवर. धबधबा बघायला पलीकडच्या जिल्ह्यातून लई गाड्या येतात, आणि माझं रान नेमकं वाटेवर हाय.

आज दुपारी बघते तर एक जोडपं माझ्या बांधाचे दगड उपसून एकावर एक रचत बसलेलं! असे दगड रचले की स्वतःचं घर होतं, असा नवस असतो ना, तोच.

मी म्हणलं, "ताई, तुमच्या घरासाठी माझा बांध कावून मोडता? आजेसासऱ्यानं रचलेला हाय. ना चुना, ना सिमेंट. हा ढासळला की माझी माती ओढ्यात जाईल."

बाई खजील झाली. "मावशी, मग नवस मोडायचा का?"

"मोडू नका. बांधातच बसवा."

कोणता दगड कुठं बसतो, ते मी दाखवलं. त्यांचं बघून मागून येणारे लोकही हात लावायला थांबले. दिवस मावळेपर्यंत गेल्या वर्षी पडलेलं खिंडारसुद्धा भरलं!

पाहुणे येणारच, यावेतच. पण तुमच्या गावात ते काय उपसतात, अन् तुमी त्यांच्याकडून काय बसवून घेता?