पाठीवरचा हात

लालासाहेब आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. फलटणच्या घरात ते आणि त्यांची लेक क्रांती, दोघंच राहतात. क्रांती कॉलेजात मराठी शिकवायची, आता निवृत्त झालीय. गल्लीत लालासाहेबांना ऊसवाले बागायतदार म्हणूनच ओळखतात. तरुणपणी ते कोल्हापूरच्या स्टुडिओत पटकथा लिहायचे आणि गाजलेल्या कथा-कादंबऱ्यांवरचे त्यांचे काळे-पांढरे सिनेमे गावोगावच्या तंबूत चालायचे, हे फार कुणाला ठाऊक नाही.

कथा हाती आली की ती जिथं घडते त्या गावी जाऊन राहायचं, ही त्यांची पद्धत. निर्माते वैतागायचे. लालासाहेब म्हणायचे, "पुस्तकातला माणूस मनात बोलतो. पडद्यावर मन कुठं दिसतंय? हात दिसतात. ते बघायला जातो मी."

अडुसष्टच्या सुमारास त्यांच्याकडे एका मास्तरांची कथा आली. विट्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला एक धनगर विहिरीत पाय घसरून मरतो आणि त्याची बायको जन्मभर त्या विहिरीकडे बघत राहते, एवढीच कथा. मास्तरांनी ती खऱ्या घटनेवरून लिहिलेली. वाचकांनी डोक्यावर घेतली होती. लालासाहेब मात्र एका जागी अडायचे. ज्या विहिरीवर लहानाचा मोठा झाला, तिथं तरणाबांड माणूस भर दुपारी घसरतो कसा?

"नशीब," मास्तर म्हणाले.

नशीब कॅमेऱ्यापुढं उभं करता येत नाही. लालासाहेब गावात जाऊन राहिले.

मेलेल्याचं नाव अर्जुना. त्याची बायको हरणाबाई जेमतेम विशीची, कडेवर दोन वर्षांची पोर. थोरला दीर आप्पासो याच्या घरात ती राबायची. अर्जुनामागं विहीर आणि तिच्याखालची जमीन आप्पासोकडं आली होती. आप्पासो गोड बोलायचा. पाहुण्याला जेवू घालायचा. पाहुणा हरणाबाईशी दोन शब्द बोलायला लागला की मात्र तो तिथं येऊन उभा राहायचा.

एके दिवशी आप्पासो बाजाराला गेला. मेंढ्यांच्या वाड्यात लेंड्या गोळा करता करता हरणाबाई मान वर न करता बोलली.

"घसरलं न्हाईत ते. मी भाकरी घिऊन आलती. दोघं भाऊ काठावर हुतं. थोरल्यानं ह्यांच्या पाठीला हात लावला. पडणाऱ्याला आधार द्यावा, तसा. मग एकच काठावर ऱ्हायला."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? पोर पोटात हुती. त्याच घरात ऱ्हायचं हुतं."

लालासाहेब कोल्हापूरला परतले, पण शेवटचा प्रसंग त्यांनी कागदावर उतरवला नाही. शेवट जमत नाही, असं निर्मात्याला सांगत राहिले. मेढ्याच्या वर डोंगरात हरणाबाईची मावशी होती. माहेरी जाते म्हणून हरणाबाई पोरीला घेऊन निघाली, लालासाहेबांनी तिला वाटेत गाठलं आणि मावशीच्या दारात नेऊन सोडलं. ती तिथं सुखरूप रुळल्यावर त्यांनी शेवट लिहिला. त्यात संवाद नव्हता. उन्हात विहिरीचा काठ, पाठमोरा धाकटा भाऊ, आणि पाठीवर अलगद येणारा एक हात.

सिनेमा विट्याला लागला. आप्पासो बघायला गेला. पुढच्याच आठवड्यात तो कोल्हापूरला, स्टुडिओच्या कँटीनमध्ये येऊन बसला. चहा प्यायला.

"हाताचं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सुचलं."

"सुचतंय व्हय तुमाला असलं? लय बेस." त्यानं बशी पुसल्यासारखी चाटून ठेवली आणि गेला.

त्यानंतर सिनेमा विट्यातून उतरला, मग सांगलीतून. निर्मात्याच्या घरी कोणकोण जाऊन आलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. सिनेमाच्या प्रती गायब झाल्या. लालासाहेबांना पुढं कुणी कथा दिली नाही. ते फलटणला येऊन शेती बघू लागले. आप्पासो मानानं म्हातारा होऊन गेला. गावच्या कमानीवर आज त्याचं नाव आहे.

यंदा विट्याच्या एका रसिक मंडळाला बंद पडलेल्या तंबूवाल्याच्या गोदामात त्या सिनेमाची प्रत सापडली. ती साफसूफ करून दुपारी दाखवायचं ठरलं. बातमी छापून आली आणि चार दिवसांत फलटणच्या दारात पांढरी गाडी थांबली. आप्पासोचा नातू विश्वजित आत आला. परमुलखात त्याची सोनं गाळायची दुकानं आहेत. त्यानं वाकून पाया पडून कंदी पेढे पुढं ठेवले.

"शेवट तेवढा काढा, आबा. आज्याचं नाव हाय कमानीवर."

"सिनेमात तुझ्या आज्याचं नाव नाही."

"न्हाई ना. मग लोकास्नी कशाला आठवण?" तो हसला. "ती म्हातारी हाय का अजून?"

"कुठली?"

"हरणाबाई."

क्रांतीनं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. हाताचं हरणाबाईनं सांगितलं, हे या घराबाहेर कधी गेलं नव्हतं. म्हणजे आप्पासोच्या घराला सगळं माहीत होतं, पहिल्यापासून.

"वारली," लालासाहेब म्हणाले.

"कवा?"

"झाली बरीच वर्षं."

विश्वजितनं भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले, क्रांतीकडं पाहिलं आणि निघाला. पेढे कुणी उघडले नाहीत.

लालासाहेबांनी मेढ्याला फोन करून हरणाबाईला सगळं सांगितलं. येऊ नको म्हणाले. ती म्हणाली, "आवं, माजीच गोष्ट हाय. मीच बघायची न्हाई व्हय?" मग क्रांती जाऊन तिला गाडीतून घेऊन आली.

विट्याचा हॉल भरला होता. हरणाबाई पुढच्या रांगेत लालासाहेबांच्या शेजारी बसली. तिनं तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. विहिरीचा काठ आला, पाठ आली, हात आला. ती स्पष्ट आवाजात बोलली, "व्हय. असाच."

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लालासाहेबांनी वळून बघितलं नाही. दिवे लागले तेव्हा लोक हरणाबाईकडं बघत होते. तिच्या गावची माणसंही त्यांत होती. जवळ मात्र कुणी आलं नाही.

तिला डोंगरात परत पाठवायचा धीर क्रांतीला झाला नाही. हरणाबाई फलटणलाच राहिली. दुसऱ्या दिवसापासून पांढरी गाडी रोज गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, काचा वर करून. क्रांती पोलिसांत जाऊन आली. रस्त्यावर गाडी उभी करणं हा गुन्हा नाही, असं तिला सांगण्यात आलं. लालासाहेब दारात खुर्ची टाकून गाडीकडं तोंड करून बसायचे. हरणाबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसून तांदूळ निवडायची.

"भ्या वाटतंय का?" त्यांनी एकदा विचारलं.

"तवा वाटायचं. आता मी बोलून बसलीया."

आणि एके दिवशी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. क्रांतीनं पोहे केले, शेजाऱ्यांना दिले. लालासाहेबांनी मात्र खुर्ची आत घेतली नाही. दुपारी मेढ्याच्या डोंगरातल्या वाडीत मागं राहिलेल्या हरणाबाईच्या लेकीचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता.

"आई, वाडीत पावणं आल्यात, पांढऱ्या गाडीतनं. लय चांगली माणसं हायत. तुजी चौकशी करत्यात."

हरणाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. क्रांती गाडीची किल्ली आणायला आत धावली.